इथे कोण राहतं?

‘‘चारच महिन्यांचा तर प्रश्न आहे, तिला इथेच ठेवून जा,’’ सासूबाई म्हणाल्या. आवाजात टोमणा अजिबात नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

तर झालं होतं असं, की ऑफिसने मला जून २०२५ पासून चार महिने बीडला पाठवायचं ठरवलं. प्रमोशनच्या आधीचं फील्ड पोस्टिंग, नाही म्हणायची सोय नव्हती. नवरा पुण्यातच राहणार, जमेल त्या शनिवारी येणार. आणि लेक पावणेचार वर्षांची! ‘‘बीड?’’ मैत्रिणींच्या भुवया वर गेल्या. डिसेंबर २०२४ पासून बीडचं नाव बातम्यांत ज्या कारणांनी गाजत होतं, ते बघता त्यांचंही काही चुकत नव्हतं. शेवटी घरात तह झाला. पंधरा दिवस लेकीला घेऊन राहून बघायचं. नाही रमली, तर मुकाट्याने आजीकडे. म्हणजे मी नुसतं भाड्याचं घर शोधत नव्हते. पुढचे चार महिने मुलगी माझ्या कुशीत झोपणार की व्हिडिओ कॉलवर दिसणार, हे त्या घरावर ठरणार होतं.

मग मी काय केलं असेल? अर्थात, एक्सेल शीट! ऑफिसपासूनचं अंतर, पार्किंग, इंटरनेट, इन्व्हर्टर, लहान मुलांचा डॉक्टर, प्ले ग्रुप. सगळ्याला दहापैकी मार्क. नकाशा तर पाठच झाला होता. मधून वाहणारी बिंदुसरा, तिच्या पूर्वेला पेठ बीड, अलीकडे जुनं शहर आणि बाहेर पळणारे नगर रोड, जालना रोड, बार्शी रोड. बीडच्या सहकाऱ्याला मी फोनवर विचारलं, ‘‘तुमच्याकडे कोथरूडसारखा एरिया कुठला?’’ तो पोटभर हसला. म्हणाला, ‘‘मॅडम, एरिया राहू द्या. आधी पाणी विचारा.’’

त्याच्या शीटचे कॉलम वेगळेच होते. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं? जमिनीतला हौद केवढा? बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकतं का? आणि घर अगदी नदीकाठी नको, कारण जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला आलेला पूर इथले लोक अजून विसरलेले नाहीत. बीडजवळच सोळाव्या शतकातली खजाना विहीर आहे, निजामशाहीच्या काळात सलाबत खानाने बांधलेली. तिचं पाणी जमिनीखालच्या कालव्यांतून, कुठल्याही मोटारीशिवाय, बलगुजारच्या शेतांपर्यंत जायचं. आणि मी मात्र पार्किंगला मार्क देत बसले होते!

एका शनिवारी आम्ही मायलेकी घरं बघायला निघालो. पहिलं घर नगर रोडच्या बाजूला. नवी कोरी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट, गेटवर वॉचमन. माझ्या शीटमध्ये दहापैकी नऊ. लेकीने रिकाम्या हॉलमध्ये एक गिरकी मारली आणि एजंटला विचारलं, ‘‘इथे कोण राहतं?’’ तो कौतुकाने म्हणाला, ‘‘कुणीच नाही बेटा. तुम्हीच पहिले!’’ तिने माझी ओढणी घट्ट धरली.

दुसरं घर जुन्या शहरात, वाड्याचा वरचा मजला. तिथे तिला प्रश्न विचारावाच लागला नाही. खालच्या आजींनी हातात लाडू ठेवून घरातल्या अकरा माणसांची ओळखही करून दिली. पण जिना असा उभा, की धरायला दोर बांधलेला. एका हातात पेंगुळलेलं पोर आणि दुसऱ्या हातात दळणाचा डबा घेऊन मी तो रोज चढणार? जड मनाने नाही म्हटलं.

तिसऱ्या घरी पोचेस्तोवर संध्याकाळचे सहा वाजले. धानोरा रोडच्या आतली एक गल्ली. तळमजल्यावर दोन खोल्या, दारात लिंबाचं झाड, मोठा हौद. मार्क जेमतेम सहा. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, म्हणजे धूळही फुकट! बायका ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. घरमालकीणबाई मला स्वयंपाकघर दाखवत होत्या, तेवढ्यात बाहेरून लेकीचा आवाज आला. ‘‘इथे कोण राहतं?’’ आणि लगेच वाळूच्या ढिगाऱ्यावरून कुणीतरी ठणकावून सांगितलं, ‘‘मी!’’

तिच्याच वयाचा एक मुलगा होता. बांधकामावरच्या जोडप्याचा. त्याच प्लॉटवर पत्र्याच्या खोलीत राहायचा. पाच मिनिटांनी मी बाहेर आले तर दोघं मिळून वाळूत विहीर खणत होते. मी तिथल्या तिथे ॲडव्हान्स दिला.

सगळं काही लगेच गोड झालं असं नाही हं. पहिला आठवडा लेक रोज रात्री बाबासाठी रडली. पाचव्या दिवशी तिला ताप भरला. रात्री अकरा वाजता घरमालकीणबाईंनी रिक्षा बोलावली आणि स्वतःच आधी आत बसल्या. ‘‘चला ताई, लेकराला घ्या. मी हाय ना.’’ त्या रात्रीनंतर त्या आमच्या मावशी झाल्या. चार घरं सोडून अंगणवाडी होती, लेक तिथे जायला लागली. दुपारनंतर मावशींकडे. त्याबद्दल पैसे घ्यायला त्यांनी चार वेळा नकार दिला, पाचव्या वेळी घेतले.

किंमतही होती. आमच्या गल्लीत प्रायव्हसी नावाची गोष्ट नव्हती. ‘‘साहेब ह्या शनिवारी आले नाहीत?’’ याची चौकशी मला किमान तीन ओट्यांवर द्यावी लागे. मी पिझ्झा मागवला तरी दुसऱ्या दिवशी मेथीच्या गड्डीबरोबर त्याचीही चर्चा! सुरुवातीला चिडचिड व्हायची. पण हेच डोळे दिवसभर माझ्या मुलीवरही असायचे. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली रेल्वे सुटली. कित्येक वर्षं वाट पाहिलेली गाडी! मावशी गल्लीतली पोरं दोन रिक्षांत कोंबून ती बघायला घेऊन गेल्या. मला ऑफिसात फक्त फोन आला, ‘‘न्यायलेय तिला.’’ मी ‘‘बरं’’ म्हटलं आणि मीटिंगला गेले. पुण्यात असं ‘बरं’ मी कुणालाच म्हटलं नसतं.

पंधरा दिवसांच्या तहाचं काय झालं? कुणी विषयच काढला नाही.

दसरा झाला आणि शेजारच्या प्लॉटवर आवराआवर सुरू झाली. पत्र्याच्या खोलीतलं जोडपं धारूरकडचं. बांधकामाची कामं अधल्यामधल्या महिन्यांची, खरा हंगाम ऊसतोडीचा. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. दिवाळी गावी करून निघायचं ते पार उन्हाळा लागेपर्यंत.

‘‘कुठे जाणार?’’ मी विचारलं.

‘‘मुकादम नेईल तिथं. सांगलीकडं म्हणतेत, नाही तर कर्नाटकात.’’

‘‘आणि राहायचं?’’

‘‘कोपी टाकायची की फडाजवळ.’’

‘‘याला आजीकडे नाही ठेवत?’’ बोलून गेले आणि मलाच माझा आवाज सासूबाईंसारखा वाटला.

‘‘थोरली राहती की आजीपशी. तिची शाळा हाय. ह्यो बारका कसा ऱ्हाईल?’’ ती पोराचं नाक पदराने पुसत म्हणाली. ‘‘रातचा मला हुडकतो ना.’’

पंधरा दिवसांच्या मुदतीसाठी मी जे कारण शीटच्या एकाही कॉलममध्ये लिहू शकले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं. फरक एवढाच, की मला घर निवडता आलं. तीन घरं बघून, नाकं मुरडून, जिना उभा आहे म्हणून नाही म्हणता आलं. ती तिच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन सहा महिने जाणार होती आणि जागा कुठली, शेजार कुणाचा, पाणी किती लांब, यातलं काहीही तिच्या हातात नव्हतं. पोराला जवळ ठेवायचं, एवढंच काय ते तिने ठरवलं होतं.

पुढच्या आठवड्यात आम्हीही पुण्याला परतलो. प्रमोशन झालं. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर लेकीने समोरच्या बंद दाराकडे बोट दाखवलं, ‘‘इथे कोण राहतं?’’ या इमारतीत आम्हाला चार वर्षं झाली होती. मी पाटी वाचली, बेल वाजवली. आता तिथल्या आजोबांकडे तिचा रोजचा चहा-बिस्किटांचा कार्यक्रम असतो, आणि मला अधूनमधून चौकशीला उत्तरं द्यावी लागतात.

परवा झोपताना तिला वाळूतला मित्र आठवला. तो आता कुठे राहतो, म्हणाली. उसाच्या शेताजवळ, मी सांगितलं.

‘‘तिथे कोण राहतं?’’

‘‘तो,’’ मी म्हटलं. ‘‘आणि त्याची आई.’’

‘‘मग बरंय,’’ म्हणाली, आणि कुशीवर वळली.