मधली वीस वर्षं

चि. ओंकार,


कॉलेजचा मित्र इतक्या वर्षांनी भेटला की तुझ्या बाबाच्या वयाची माणसं घरी येऊन 'म्हातारे झालो' असं का म्हणतात, हे तू विचारलंस. वय हे त्याचं खरं कारण नव्हे, असं माझं मत आहे. चाळिशी नाकावर केव्हाच चढलेली असते, गुडघेही कुरकुरत असतात, आणि ते कोणी फारसं मनावर घेत नाही. कारण शोधायचं तर टेलिफोनच्या इतिहासात शोधावं लागेल. 1990 च्या आसपास कॉलेजातून बाहेर पडलेल्यांकडे एकमेकांचा ठावठिकाणा म्हणजे निरोप समारंभाच्या दिवशी वहीत उतरवून घेतलेला आईवडिलांचा पत्ता, पिनकोड आणि असलाच तर घरचा नंबर. नसला तर शेजारच्यांचा, पुढे 'पी.पी.' लिहून. मुलगा नोकरीला बंगळूरला गेला की तो नंबर मागे राहायचा. वडील रिटायर होऊन क्वार्टर सुटली की तोही जायचा. मुंबईत तर 2002 मध्ये सगळ्याच नंबरांच्या पुढे 2 लागला आणि जुन्या वह्या निकामी झाल्या. मोबाइल 1995 मध्ये आला खरा, पण येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. ते थांबायला 2003 उजाडलं. ऑर्कुट 2004 चं. तिथे मित्र सापडले, मैत्रिणी सापडणं अवघड, कारण लग्नानंतर आडनाव बदललेलं, काहींचं तर नावसुद्धा. (याबद्दल मला पुष्कळ बोलायचंय, पण ते पुन्हा कधीतरी.) सगळी टोळी एका जागी आली ती व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि ते निघालंच मुळी 2009 मध्ये.

तू म्हणशील, मनात असतं तर पत्र टाकता आलं असतं. अगदी खरं, आणि काहींनी टाकलीही. पण बावीस ते चाळीस ही वर्षं नोकरी, लग्न, घराचे हप्ते, मुलांच्या अॅडमिशन आणि आईवडिलांची आजारपणं यांत जातात. त्या वर्षांत मैत्री टिकली ती बहुतेक एका गावात राहणाऱ्यांचीच. तेव्हा आळसाला मी माफ करणार नाही, पण सगळा दोष त्याच्या माथी मारणंही बरोबर नाही.

दुसरी शंका अधिक वजनदार आहे: म्हातारपण आरशातही दिसतंच, मग मित्रच कशाला हवा? आरशातला चेहरा रोज पाहण्यातला, बायकोचा किंवा नवऱ्याचाही तसाच; बदल हप्त्याहप्त्याने वसूल होतो, म्हणून जाणवत नाही. मित्राच्या बाबतीत वीस वर्षांची थकबाकी एकरकमी समोर येते. त्यातून मानसशास्त्रज्ञांना असं आढळलंय की उतारवयातल्या माणसांना आठवणी सांगायला लावलं तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त निघतात. म्हणजे ज्या काळातलं चित्र सगळ्यांत ठळक, नेमक्या त्याच चित्राशेजारी हा पोट सुटलेला, शुगरची गोळी विसरलो म्हणून खिसे चाचपणारा गृहस्थ येऊन बसतो. शिवाय त्याने आणि आपण एकाच बाकावरून सुरुवात केलेली. त्याच्याकडे पाहताना त्याचं वय मोजलं जात नाही, आपलं मोजलं जातं. ऑफिसातला सहकारी कितीही थकला तरी हे होत नाही.

तुमच्या पिढीला हा धक्का बसेल असं मला वाटत नाही. कोणाचे केस मागे सरकले, कोणाला मुलगी झाली, हे तुम्ही फोनवर रोज पाहता. त्यात तुमचा फायदा किती आणि तोटा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मात्र एवढं नक्की, की 'म्हातारे झालो' म्हणणारी हीच माणसं पुढच्या भेटीची तारीख तिथल्या तिथे ठरवून येतात. तेव्हा त्या वाक्याला रडगाणं समजू नकोस आणि बाबाची फार चेष्टाही करू नकोस. त्यांचं गेट-टुगेदर जानेवारीत आहे. डिसेंबरात येशील तेव्हा परतीचं तिकीट त्यानंतरचं काढ, म्हणजे त्याला गाडीने नेऊन सोडशील. रात्री गाडी चालवणं त्याने आता बंद केलंय.

तुझी,
आत्या