रिकामा वाफा

वसतिगृहाच्या मागील कुंपणालगत विटांनी आखलेला एक लहान वाफा आहे. अनेक माजी विद्यार्थ्यांना तो ‘रिकामा वाफा’ म्हणूनच आठवत असेल. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत तेथे केवळ कोरडी माती दिसते. त्या मातीखाली अमरकंद आहे. त्याविषयी आणि आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहीत आहोत.

2011 च्या मे महिन्यात एका पालकांनी सात कंद आणून दिले. गावालगतच्या मुरमाड उतारावर रस्त्याचे खोदकाम चालले होते. उपसलेल्या मातीत ते पडले होते. अमरकंद ही जमिनीत वाढणारी आमरी, म्हणजेच ऑर्किड. तिचे शास्त्रीय नाव युलोफिया. सोबत त्यांनी पाटीभर तेथलीच माती आणली होती. “ह्या मातीबिगर तो जगायचा नाही, गुरुजी,” ते म्हणाले. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. त्यात अन्नसाठा नसतो, म्हणून मातीतील बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये हे ओळखले. आमच्या पालकांना मातीचे मोल अनुभवाने ठाऊक होते.

मुरूम, वाळू, कुजलेला पालापाचोळा आणि ती माती मिसळून आम्ही कंद लावले. कोंब जमिनीलगत ठेवला. पावसाच्या पहिल्या सरींनंतर दांडे वर आले, पिवळी फुले उमलली, मागून पाने वाढली. कार्तिकात पाने सुकू लागली. झाड तहानले असे समजून आम्ही रोज तांब्याभर पाणी घालू लागलो. फाल्गुनात माती उकरली, तेव्हा पाच कंद कुजले होते. वस्तुतः पाने सुकणे हा त्याच्या विश्रांतीचा काळ. तेव्हा पाणी बंदच करावयाचे असते.

त्याच वर्षी पाचवीत एक अबोल मुलगा दाखल झाला होता. तो धीट व्हावा म्हणून परिपाठात आम्ही त्याला रोज वाचावयास उभे करीत असू. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला, तो परतला नाही. आम्ही त्याच्या घरी पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. त्याची आजी एवढेच म्हणाली, “उभं राह्याची धास्ती घेतली पोरानं.”

विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाचा उगम सांगितला आहे. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत आणि लहान जीव चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून भगवंतांनी तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. हा प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकविला. सद्हेतूने टाकलेल्या पावलाखालीही कोंब चिरडतो, हे मात्र आम्हांस त्या वर्षी उमगले.

उरलेल्या दोन कंदांचे आज अकरा झाले आहेत. आता कार्तिकानंतर त्या वाफ्याला कोणी पाणी घालीत नाही. नव्याने आलेल्या मुलाला तो स्वतः पुढे येईपर्यंत परिपाठात उभे केले जात नाही.

तो मुलगा आता पंचविशीत असेल. हे लेखन त्याच्या वाचनात आले तर त्याने पावसाळ्याच्या आरंभी वाफा पाहावयास जरूर यावे. काही वाचून दाखव, असे त्याला कोणी म्हणणार नाही.