पत्रात न लिहिलेले एक वाक्य

वर्गात पत्रलेखन शिकवायला घेतले की दरवर्षी कुणी ना कुणी विचारतेच, "मोबाईल असताना पत्र कशाला?" यंदा उत्तरादाखल आम्ही मुलांना एक खरी हकीकत सांगितली.

अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील एडिनबरा शहरात विल्यम कलेन (१७१०–१७९०) नावाचे नामवंत डॉक्टर होते. ते विद्यापीठात वैद्यक शिकवत. त्यांच्या कितीतरी रुग्णांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते. लोक दूरच्या गावांहून आपला आजार पत्रात लिहून पाठवत. कलेन उत्तरात औषध लिहीत, काय खावे, किती फिरावे, घोड्यावर रपेट करावी का, हेही सांगत. प्रत्येक उत्तराची नक्कल ते ठेवत. १७८१ पासून त्यासाठी त्यांनी जेम्स वॅटचे नक्कल काढण्याचे यंत्र वापरले. होय, वाफेच्या इंजिनवाले तेच वॅट! ही हजारो पत्रे एडिनबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आजही जपलेली आहेत.

"पण न तपासता आजार कळायचा कसा?" एका मुलीने विचारले. प्रश्न रास्त होता. तेव्हा स्टेथोस्कोपसुद्धा नव्हता, तो आला १८१६ साली. रुग्ण जे सांगेल त्यावरच बरीचशी मदार असे. म्हणून स्वित्झर्लंडमधील लोझानच्या डॉ. तिसो यांनी १७६१ मध्ये सामान्य लोकांसाठी आरोग्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यात प्रश्नांची एक यादीच दिली. वय किती, आजार कधीपासून, सुरुवात कशी झाली, ताप आहे का, झोप येते का. मुलांसाठी वेगळे प्रश्न होते आणि बायकांसाठीही वेगळे.

इथे आम्ही थांबलो. तास संपायला दहा मिनिटे होती, तरी मुलांना शुद्धलेखन दिले. बायकांसाठीच्या प्रश्नांवरून आम्हाला आमच्या खालाची आठवण झाली होती. ती गोष्ट वर्गात सांगता आली नाही, म्हणून इथे लिहीत आहोत.

आम्ही तेव्हा सातवीत होतो. उर्दू अक्षर बरे होते, म्हणून सावनेरच्या आमच्या मोहल्ल्यातल्या बायका आमच्याकडून पत्रे लिहून घेत. खाला वर्षभर खंगत चालली होती. दोन पायऱ्या चढली की धापा टाकायची. नानीने ठरवले, दूरच्या एका नावाजलेल्या हकीमसाहेबांना लिहायचे. आम्ही पाटावर कागद ठेवून बसलो. अशक्तपणा, चक्कर, भूक नाही, सगळे लिहिले. मग खाला नानीच्या कानात काही बोलली. नानीने मान हलवली. "ते नको. पत्र दहा हातांतून जाते. कमजोरी लिही, पुरे."

आम्हाला अर्धेमुर्धे ऐकू आले होते, अर्धेमुर्धे कळलेही होते. आम्ही "कमजोरी" लिहिले.

औषध व्ही.पी.ने आले. सोबत हकीमसाहेबांची चिठ्ठी होती. आणखी काही तक्रार असल्यास न संकोचता कळवावे, असे त्यांनी लिहिले होते. नानीच्या सांगण्यावरून आम्ही उत्तर लिहिले, "और कोई शिकायत नहीं."

तीन महिन्यांनी खाला मोरीत चक्कर येऊन पडली. एस.टी.ने नागपूरला नेले. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर काढून तिला एकटीला विचारले आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. दीड वर्षापासून तिला पाळीत बेसुमार रक्त जात होते. गर्भाशयात गाठ होती. रक्त चढवावे लागले, ऑपरेशन झाले. अल्लाहच्या मेहेरबानीने ती वाचली आणि पुढे बरीच वर्षे जगली.

हकीमसाहेबांना दोष कसा द्यावा? त्यांनी आमच्या कागदावर इलाज केला. नानीलाही देववत नाही. लेकीची अब्रू झाकणे हेच तिला प्रेम वाटत होते. पण ते खोटे वाक्य आमच्या अक्षरात होते, हे आम्ही विसरलो नाही.

कलेन यांच्याकडे येणारी बरीच पत्रेही रुग्णाने स्वतः लिहिलेली नसत. कधी नवरा लिही, कधी बाप, कधी गावातला डॉक्टर. दुखणे एकाचे आणि लेखणी दुसऱ्याची. आज फोनवर ई-संजीवनीतून डॉक्टर भेटतात, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जातात, पण आमच्या आसपास आजही सुनेचा आजार सासू सांगते, बायकोचा नवरा सांगतो. जे वाक्य तेव्हा गळाले, ते आताही गळते. दीनमध्ये इलाज करून घेण्याला मनाई नाही, डॉक्टरांना खरे सांगण्यात बेपर्दगीही नाही.

शाळेत पालक आया अजूनही आमच्याकडे अर्ज, फॉर्म, कधी डॉक्टरांना पाठवायचा मजकूर लिहून घ्यायला येतात. लिहून झाले की सोबत आलेल्या माणसाला आम्ही पाणी आणायला पाठवतो. मग विचारतो, "आणखी काही?" आणि पेन खाली न ठेवता थांबतो. कधी कधी तो माणूस पाणी घेऊन परत येईपर्यंत कुणी काही बोलत नाही. कधी कधी मात्र खरे पत्र तिथून सुरू होते.