टोलनाक्यामागची सही

पावसाळ्यातला शनिवार, थर्मासभर चहा आणि पुढे कसारा घाट! वीकेण्डला आणखी काय पाहिजे? या वेळी सोबत मामेभाऊ होता, सिव्हिल इंजिनीअर. त्यामुळे ट्रिपमध्ये धबधब्यांइतकंच डांबरही बघून झालं.

वडपे ते गोंदे हा रस्ता बीओटीवर, म्हणजे खासगी कंपनीने पैसा घालून चौपदरी केलेला. पडघ्याच्या नाक्यावर टॅगमधून पैसे गेल्याचा मेसेज आला आणि मी नेहमीसारखी कुरकुरले, ‘‘यांना टोल घ्यायला परवानगी देतं तरी कोण?’’

दादा हसला. ‘‘माझ्यासारखाच कुणीतरी.’’

दादा दुसऱ्या राज्यातल्या अशाच एका रस्त्यावर ‘इंडिपेंडंट इंजिनीअर’च्या टीममध्ये होता. ही खरं तर एक सल्लागार संस्था असते. नेमतं सरकारी प्राधिकरण, पण फीचा निम्मा भार कंपनीवर. म्हणजे दोघांचं मीठ खायचं आणि दोघांनाही नाही म्हणायचं! डिझाइन तपासा, दर महिन्याला साइट बघून रिपोर्ट द्या, डांबराचा कोर काढून जाडी मोजा. टेस्ट पास झाल्या तरच सर्टिफिकेट आणि मगच टोल. केंद्राच्या नमुना करारात ७५ टक्के लांबी पूर्ण झाली की तात्पुरतं सर्टिफिकेट देता येतं, पण रस्ता वाहतुकीला सुरक्षित हवा. बाकी किरकोळ कामांची यादी सोबत जोडायची, तिला म्हणतात ‘पंच लिस्ट’.

‘‘खरी मारामारी या लिस्टवरून,’’ दादा म्हणाला. ‘‘एका पुलाचा कठडा बाकी होता. कंपनीवाले म्हणाले, लिस्टमध्ये टाका ना साहेब. त्यांचं कर्जाचं व्याज रोज चढत होतं. सरकारी ऑफिसला उद्घाटनाची घाई. मी अडून बसलो. कठडा झाला, मगच सही केली.’’

‘‘ग्रेट!’’

‘‘ग्रेट कसलं? त्याच रस्त्यावर एका वळणाचे दिवे मी लिस्टमध्ये जाऊ दिले. ते लागायला पुढचा पावसाळा उजाडला. तोवर रात्री झोप लागायची नाही. फोन वाजला की पहिल्यांदा तेच वळण आठवायचं.’’

मी गप्प. घाटात धुकं इतकं उतरलं होतं, की दिसत होते ते फक्त कडेचे रिफ्लेक्टर. त्यांच्याच भरवशावर आम्ही इगतपुरी गाठली. हे चमकणारे तुकडेही कुणीतरी कधीतरी मोजून पास केले असतील, हे पहिल्यांदाच डोक्यात आलं.

गरमागरम भजी खाताना दादाने आणखी एक सांगितलं. टोल सुरू झाला, तरी तपासणी संपत नाही. खड्डा किती वेळात बुजवायचा, हेही करारात लिहिलेलं असतं. म्हणून हायवेवर खड्डा दिसला, तर नुसतं वैतागू नका, १०३३ या हेल्पलाइनला कळवा.

परतीच्या वाटेवर नाका आला. मेसेज वाजला. कुरकुर मी याही वेळी केलीच, पण प्रश्न बदलला होता. सही कुणी केली, आणि काय बाकी ठेवून?