ऑलिंपियाच्या गवतावर

ग्रीस देशास जावयाचें ठरलें तेव्हां आमच्या घरांत दोन पक्ष पडले. साठी उलटल्यावर माणसानें काशीस जावें, असें एका पक्षाचें म्हणणें. जांवई तिकीट काढीत असेल तर कोठेंहि जावें, असें दुसऱ्याचें. दुसरा पक्ष संख्येनें मोठा होता, आणि त्यांत आमचें कुटुंबहि सामील झाल्यामुळें माझें मत विचारण्याचें कोणास कारणच उरलें नाहीं. मुलगी व जांवई जर्मनींत असतात. सन २०२४ च्या आश्विनांत आम्ही चौघें आणि सात वर्षांची नात असे मोटारीनें अथेन्सहून निघालों.

अथेन्सचें वर्णन आजवर पुष्कळांनीं केलें आहे, तें मी येथें करीत नाहीं. मला लिहावयाचें आहे तें ऑलिंपिया ह्या स्थानाविषयीं. आणि तेंहि तेथील मल्लांविषयीं नव्हे, तर त्यांस पाहावयास जमणाऱ्या लोकांविषयीं. खेळ पाहण्यास आलेल्या समुदायास काव्य, गायन, चित्र, शिल्प ह्यांची कांहीं गोडी असते काय, हा प्रश्न मला तेहतीस वर्षें छळीत होता. कां, तें पुढें ओघानें येईल.

कॉरिंथचा कालवा ओलांडून, समुद्र उजव्या हातास ठेवीत, पात्रासवरून दक्षिणेस वळलें म्हणजे तीनशें किलोमीटरांहून अधिक वाट तुटल्यावर ऑलिंपिया येतें. आल्फिऑस व क्लाडेऑस ह्या नद्यांचा येथें संगम आहे. संगमापाशीं देवस्थान असावें ही बुद्धि त्या लोकांसहि झाली, हें पाहून बरें वाटलें. मागें क्रोनॉस नांवाची लहानशी टेकडी आहे. सन २००७ च्या वणव्यांत तिच्यावरील झाडी जळाली होती. आतां ती पुन्हां हिरवी दिसते. झ्यूसच्या प्रचंड मंदिराचे खांब भूकंपानें आडवे झाले ते तसेच पडून आहेत. नातीनें ते पाहून, "आजी, काकडीच्या चकत्या!" असा उद्गार काढला. माझ्याजवळच्या मार्गदर्शक पुस्तकांत ह्याहून समर्पक उपमा मला आढळली नाहीं.

देवराईंतून एक कमानदार दगडी बोळ क्रीडांगणांत उतरतो. बोळाबाहेर पाऊल टाकलें आणि मी अंमळ निराश झालों. रोमच्या चित्रांत पाहिल्याप्रमाणें दगडी पायऱ्यांचें कांहीं प्रेक्षागार असेल अशी माझी समजूत होती. येथें चोहोंकडे गवताचे उतार आहेत, बस्स. मधोमध १९२ मीटर लांबीची धांवपट्टी, आणि तिच्या टोकास पायाचीं बोटें रोंवावयासाठीं दोन खांचा कोरलेली दगडी रेघ. पंचांपुरता दगडी चौथरा एका बाजूस, आणि त्याच्या समोर डिमिटर देवतेची वेदी. त्या देवतेच्या पुजारणीवांचून अन्य विवाहित स्त्रीस हे खेळ पाहण्याची मनाई होती, असें जांवयांनीं सांगतांच आमचें कुटुंब, "मग मी इथेंच बसतें," असें म्हणून वेदीपाशीं जें बसलें तें नातीच्या तीन शर्यती पुऱ्या होईपर्यंत उठलें नाहीं.

मी समोरच्या उतारावर बसलों. ह्याच गवतावर सुमारें ४५,००० माणूस मावत असे. पहिला उत्सव इ. स. पू. ७७६ मधील मानतात. दर चार वर्षांनीं, भर उन्हाळ्यांत, पौर्णिमेच्या सुमारास लोक जमत आणि उघड्यावर निजत. पाण्याचे अतोनात हाल. हिरोडीस आटिकस नांवाच्या धनिकानें येथें नळानें पाणी आणलें तें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत. म्हणजे सुमारें नऊशें वर्षें प्रेक्षक तहान सोशीत होता, तरी येत होता. आमच्या पंढरीच्या वारकऱ्याशीं ह्याचें नातें मला जवळचें वाटलें.

आतां मुद्द्याची गोष्ट. ग्रीक लोकांत काव्य-गायनाच्या स्पर्धा डेल्फी येथें होत, ऑलिंपियास नव्हत्या. तुतारी फुंकणारे व ललकारी देणारे ह्यांची तेवढी चढाओढ इ. स. पू. ३९६ पासून सुरू झाली. इ. स. ६७ मध्यें नीरो बादशहानें येथें गायनस्पर्धा घुसडली व आपणच जिंकली. रथांतून खालीं पडूनहि रथाच्या शर्यतीचा मुकुट त्यासच मिळाला. त्याच्या मृत्यूनंतर तो सारा उत्सवच रद्द समजण्यांत आला. हा एक अपवाद सोडला, तर येथें कवि, चित्रकार, वक्ते आले ते कोणी बोलाविलें म्हणून नव्हे. येथें जितके कान व डोळे एके ठिकाणीं सांपडत तितके अन्यत्र सांपडत नसत, म्हणून आले. हिरॉडोटसानें आपला इतिहास येथेंच वाचून दाखविला व एका उत्सवांत तो सर्व ग्रीसला ठाऊक झाला, अशी कथा ल्यूशियन सांगतो. तोच आणखी सांगतो कीं, ईटियन नांवाच्या चित्रकारानें शिकंदर व रोक्साना ह्यांच्या विवाहाचें चित्र येथें मांडलें, आणि तें पाहून उत्सवाच्या एका पंचानें त्यास आपली मुलगीच देऊन टाकली. (पत्रिका पाहिल्याचा उल्लेख नाहीं, असें आमच्या कुटुंबाचें म्हणणें.) पिंडार कवि विजयी वीरांवर गीतें रची व तीं नृत्यासह समूहानें म्हटलीं जात, ऑलिंपियाच्या वीरांवरचीं चौदा आज उपलब्ध आहेत.

आणि फिडियस! सोनें व हस्तिदंत ह्यांची, बारा मीटरांहून उंच अशी झ्यूसची बैठी मूर्ति त्यानें घडविली ती ज्या इमारतींत, तिच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. मागाहून त्या जागीं ख्रिस्ती लोकांनीं देऊळ केलें. सन १९५० नंतरच्या उत्खननांत तेथें मातीचे सांचे व एक साधा पेला सांपडला. पेल्याच्या बुडाशीं अक्षरें खरडलेलीं आहेत: मी फिडियसचा. मूर्ति, जी जगांतील सात आश्चर्यांत गणली जात असे, ती नष्ट झाली, आणि पाणी प्यावयाचा पेला राहिला! संग्रहालयांत मी त्या पेल्यापुढें किती वेळ उभा होतों कोण जाणे. जांवयांस येऊन हांक मारावी लागली.

परंतु ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहावयास बसलों ती निराळी आहे. सिसिली बेटांतील सिराक्यूजचा सत्ताधीश डायोनिशियस ह्यास काव्याचें वेड होतें. इ. स. पू. ३८८ च्या उत्सवास त्यानें आपल्या भावाबरोबर चौकडीचे रथ, जरतारी तंबू आणि उत्तमोत्तम आवाजाचे पाठक पाठविले. पाठकांनीं म्हणावयाचें काय, तर खुद्द डायोनिशियसाचीं काव्यें. इतिहासकार डायोडोरस लिहितो कीं, आवाज गोड म्हणून प्रथम लोकांची दाटी झाली; पण काव्य जसजसें कानीं पडूं लागलें तसतसे लोक हसूं लागले, आणि अखेरीस कांहींनीं तंबूच लुटले. शर्यतींत त्याचे रथ आपटले. परततांना गलबत वादळांत सांपडून फुटलें. आणि खलाशी म्हणाले, हा सगळा त्या काव्याचा गुण!

जांवई हें मोबाइलवर वाचून दाखवीत होते व सर्वजण हसत होते. मी हसलों नाहीं. कारण तो डायोनिशियस मी होतों.

सन १९९१ ची गोष्ट. कोणत्या शाळेंत तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तालुक्याचे क्रीडासामने आमच्या मैदानावर होते. कबड्डीच्या अंतिम सामन्यापूर्वी कांहीं सांस्कृतिक कार्यक्रम असावा असें ठरलें व तो भार संस्कृतचा शिक्षक म्हणून मजवर आला. मीं व्यायामाचें माहात्म्य सांगणारें एकावन्न श्लोकांचें स्तोत्र स्वतः रचलें आणि गोड गळ्याचीं सात मुलें निवडून महिनाभर त्यांजकडून घोकून घेतलें. आरंभीं मैदान शांत होतें. पंधराव्या श्लोकास कुजबुज, पंचविसाव्यास हंशा, आणि तिसाव्याच्या सुमारास एक कर्कश शीळ. शीळ घालणारा माझ्याच वर्गांतला होता. मीं स्तोत्र पुरें केलें, एकावन्नच्या एकावन्न. दुसऱ्या दिवशीं त्या मुलास छडी दिली, आणि खेळास जमणारा समाज अरसिक असतो, असा सिद्धांत मनाशीं कायम करून मोकळा झालों. पुढें तो सिद्धांत मीं कित्येक सभांतून मांडलाहि.

लाज वाटते ती ह्याची, कीं भरतमुनि मला अपरिचित नव्हते. नाट्यशास्त्रांत सिद्धीच्या अध्यायीं प्रेक्षकांचें विवेचन आहे. सर्व गुण एका प्रेक्षकाच्या ठायीं असणें शक्य नाहीं, असें मुनि स्पष्ट म्हणतात. तरुण शृंगारांत रमतात, वृद्ध धर्मकथांत व पुराणांत, आणि शूर माणसें वीर-रौद्र रसांत, कुस्तींत, युद्धांत. आपल्या भाषेंत तर 'रंग' हा शब्दच नटाच्या व मल्लाच्या, दोघांच्याहि भूमीस लागतो. आदिपर्वांत कौरव-पांडवांची शस्त्रपरीक्षा झाली ती रंगांत, शिल्पकारांनीं बांधलेल्या प्रेक्षागारासमोर, वाद्यांच्या घोषांत. हें सर्व शिकवून मीं मैदानावर बसलेल्या दोन हजार शूरांपुढें एकावन्न अनुष्टुभ् ठेवले, आणि वर त्यांसच अरसिक ठरविलें!

क्रीडांगणाच्या पूर्वेस थोडें चालत गेलें म्हणजे एक संगमरवरी स्तंभ लागतो. अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांचे जनक पिअर द कुबेर्तां सन १९३७ मध्यें वारले. त्यांचें हृदय पुढील वर्षीं येथें आणून ठेवण्यांत आलें. ह्या गृहस्थांनीं १९०६ मध्यें पॅरिस येथें परिषद भरवून स्थापत्य, शिल्प, चित्र, साहित्य व संगीत ह्यांच्या स्पर्धा खेळांबरोबर घेण्याचें ठरविलें, आणि १९१२ च्या स्टॉकहोमपासून १९४८ च्या लंडनपर्यंत सात वेळां कलावंतांनीं ऑलिंपिक पदकें मिळविलीं. पहिल्या खेपेचें साहित्याचें सुवर्णपदक कुबेर्तां ह्यांनीं स्वतःच टोपणनांवानें पटकाविलें! डायोनिशियसाहून त्यांचें दैव बरें, दुसरें काय.

प्रेक्षक आले नाहींत म्हणून ह्या स्पर्धा बंद पडल्या असतील, असें मी समजत होतों. तसें नाहीं. सामने हौशी लोकांचे आणि कलावंत पडले धंदेवाईक, हा खरा अडथळा. प्रेक्षकांचें म्हणाल तर १९३२ साली लॉस एंजेलिसच्या संग्रहालयांत जें कलाप्रदर्शन मांडलें होतें, तें ३,८४,००० लोकांनीं पाहिलें. एवढीं माणसें तेथें कोणी दावणीला बांधून आणलीं नव्हतीं. शर्यत पाहून, जेवून-खाऊन, आपल्या पायांनीं तीं गेलीं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उत्सवांत शेक्सपिअरचीं सदतीस नाटकें सदतीस भाषांत झालीं, आणि ग्लोब रंगमंदिरांत लोकांनीं उभ्यानें तीं पाहिलीं. हिंदी व गुजराती त्यांत होत्या. मराठी नव्हती, ह्याचें मला अजून वाईट वाटतें.

दोहोंची सोयरीक कशी असावी हें पाहण्यास मला खरें म्हणजे समुद्र ओलांडण्याची जरूर नव्हती. आमच्या कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१२ मध्यें खासबागेंत कुस्तीचें मैदान पुरें केलें, आणि १९१५ मध्यें त्याच्या पाठीस पाठ लावून नाटकासाठीं पॅलेस थिएटर उभें केलें. पुढें त्यास केशवराव भोसल्यांचें नांव मिळालें. ज्याला जें हवें त्यानें त्या दारानें जावें. आणि अनेकजण दोन्हीं दारांनीं जात. ऑगस्ट २०२४ मध्यें तें नाट्यगृह आगींत जळालें तेव्हां हळहळणाऱ्यांत पैलवान काय थोडे होते?

ग्रीसहून परत आल्यावर चैत्रांत गांवच्या जत्रेंतील कुस्त्यांस गेलों. उन्हाचा उतारावर बसलों. हलगी कडाडत होती, आणि कुस्ती रंगांत आली म्हणजे वादकाचा हात कसा आपोआप चढतो, व हात चढला कीं लोक कसे गुडघ्यांवर येतात, हें मी प्रथमच लक्षपूर्वक पाहत होतों. शेजारीं येऊन कोणी पायांस हात लावला. तोच विद्यार्थी. आतां कानांवर केस पिकले आहेत. त्याचा मुलगा त्या दिवशीं आखाड्यांत होता. मीं त्यास डायोनिशियसाची गोष्ट सांगितली आणि म्हटलें, "अरे, त्या दिवशीं तुझी शीळ बरोबर होती. छडी चुकली."

तो संकोचला. बराच वेळ मैदानाकडे पाहत राहिला.

"शीळ मीच वाजिवली का दुसऱ्या कुनी, त्ये काय आता ध्यानात न्हाई, गुरुजी," तो म्हणाला. "पर तुमचं म्हननं सरंस्तवर दिवस बुडाला. बत्त्या न्हवत्या. फायनल झालीच न्हाई बघा. आमी हुतो त्या संघात."

तेहतीस वर्षांत मला शीळ आठवत होती, हंशा आठवत होता, माझे एकावन्न श्लोक तर आजहि मुखोद्गत आहेत. तो सामना झाला नाहीं, हें मला ठाऊकच नव्हतें.