चिंधीचे गाठोडे

शेजारच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, टाकाऊ सुताच्या ढिगात ती सापडली, तेव्हा खरोखरच चिंधीएवढी होती. पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन तुकडे जोडून कुणी शिवावेत, तसे तिचे अंग. म्हणून आम्ही तिचे नाव चिंधी ठेवले. पुढे चिंधीचे गाठोडे होईल, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

गेल्या दिवाळीत तिचे वजन ७ किलो २०० ग्रॅम भरले. मांजर काही काट्यावर स्वस्थ बसत नाही. म्हणून आधी मी एकटा उभा राहिलो, मग तिला कडेवर घेऊन उभा राहिलो आणि वजाबाकी केली. या खटाटोपात माझे स्वतःचे वजन घरभर जाहीर झाले, आणि दोन दिवस चिंधीचा विषय मागे पडला तो पडलाच!

घरात आणखी तीन मांजरे आहेत. काळ्या, बिजली आणि सुभेदार. तिन्ही सडपातळ. एकाच ताटलीत चौघांचे जेवण वाढायचे, आणि चिंधीने तिघांना खांद्याने बाजूला सारायचे, हा रोजचा क्रम. आम्ही कौतुकाने पाहत असू.

खिलारी बैलांच्या या मुलुखात, मांजराचे पोट सुटले म्हणून दवाखान्याची पायरी चढायला मला संकोच वाटला. पण डॉक्टर हसले नाहीत. साधारण मांजर ४ ते ५ किलोचे असते, म्हणाले. नसबंदीनंतर मांजराची भूक वाढते, आणि शरीराची गरज मात्र कमी होते. असेच चालले तर सांधे धरतील, मधुमेह होईल. मधुमेह म्हटल्यावर मी दचकलो. आमच्या आईचा तो जुना सोबती आहे. ‘‘आहार मोजून द्या,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘पण आठवड्याला शेकडा एक, म्हणजे सत्तरएक ग्रॅमच उतरू द्या. घाई नको.’’

वर्गात मुले वाक्याचा पहिला अर्धाच भाग ऐकतात म्हणून मी रोज रागावतो. इथे मी तेच केले.

नवे कोरडे खाणे आणले. चिंधीने ते हुंगले आणि पाठ फिरवली. ‘भूक लागली की खाईल’ असे म्हणून मी बाकी सगळे बंद केले. ‘‘अरे, मुक्या जिवाला उपाशी ठेवू नये,’’ आई म्हणाली. मी शिस्तीवर एक छोटेसे व्याख्यान दिले. तिसऱ्या दिवशी चिंधी कोपऱ्यातून उठेना. तोंडातून लाळ गळत होती. चौथ्या दिवशी सकाळी कानांच्या आत पाहिले, तर कातडी पिवळसर.

डॉक्टर माझ्यावर चिडले, आणि ते योग्यच होते. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले, की अंगातली चरबी एकदम यकृताकडे धावते, आणि यकृताला ती पेलत नाही. माणसाला मानवणारे लंघन मांजराच्या जिवावर बेतते. सलाइन झाले, औषधे झाली. घरी मात्र दर तीन-चार तासांनी, सुई काढलेल्या सिरिंजने पातळ अन्न तिच्या गालात सोडायचे होते. रात्रीचीसुद्धा.

ते काम आईने घेतले. तीन आठवडे ती मांडीवर टॉवेल पसरून बसे. एका रात्री मी दोनला उठलो, तेव्हा तिचे पुटपुटणे ऐकले, ‘‘माझंच चुकलं गं बाई. रोज साय घातली मी तुला.’’

मी विचारले, ‘‘कुठली साय?’’

‘‘माझ्या वाट्याची,’’ आई म्हणाली. ‘‘मला तर तुम्ही खाऊ देत नाही. म्हटलं, कुणीतरी खावी.’’

यावर काय बोलायचे? मी दिवा मालवला नाही, एवढेच.

चिंधी वाचली. मग रीतसर व्यवस्था झाली. तिची मोजलेली ताटली देवघरात, दार लावून. बाकी तिघांची माझ्या पुस्तकांच्या कपाटावर, कारण तिथवर उडी मारणे चिंधीला शक्य नव्हते. (माझ्या कादंबऱ्यांच्या इतक्या जवळ रोज कुणी आवडीने जात असेल, तर हे तिघेच.) एवढे करूनही काटा हलेना, तेव्हा शेजारी चौकशी केली. आमच्या बोळात मराठी, तेलुगू आणि कानडी अशा तिन्ही भाषा नांदतात, आणि चिंधी तिन्ही भाषांत जेवत होती! समोरच्या तेलुगू आजी तिला ‘पिल्ली’ म्हणतात. त्यांच्या भाषेत मांजरालाच पिल्ली म्हणतात. माझ्या धाकटीला वाटे, त्या लाडाने म्हणतात. मागच्या कानडी घरी ती ‘बेक्कु’ होती, आणि तिथे तिला भाकरी कुस्करून दूध मिळे. मी दारोदार हात जोडले. आजी गंभीरपणे म्हणाल्या, ‘‘मास्तर, आता एक घास पण नाही देणार.’’ मग जरा थांबून, ‘‘पण ती दारात बसली, तर काय सांगायचं तिला?’’

या नवरात्रात वजन ५ किलो ६०० ग्रॅम भरले. आईच्या साखरेचा आकडाही बरा आला. सायीचे पातेले आता आम्ही आधीच उचलतो.

परवा संध्याकाळी आई चकल्या तळत होती. खोलीतून धप्पकन आवाज आला. धावत जाऊन पाहतो, तर काळ्या, बिजली आणि सुभेदार खाली जमिनीवर, तोंडे वर करून; आणि कपाटावर चिंधी, तिघांच्या ताटल्या चाटून साफ करीत. आई मागून आली, झारा हातातच.

‘‘चढली रे, चढली!’’ ती म्हणाली.

आता ताटल्या कुठे ठेवायच्या, ते अजून ठरलेले नाही.