फ्यूस, फ्यूस, फ्यू!

थांबा, थांबा, आधी हे ऐका! मला आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचंय आणि घरात ऐकायला कुणी उरलेलं नाही. नवरा होता, पण गेले चार दिवस ऐकून ऐकून तो आज "जरा खाली जाऊन येतो" म्हणून सटकलाय, आणि चपला घालतानाची त्याची घाई बघता लवकर काही परत येत नाही. म्हणजे आता तुम्हीच! बसा. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

झालं असं, की दिवाळीची साफसफाई काढली आणि मी माळ्यावर चढले. तिथे लेकीच्या अकरावी-बारावीचं खोकं. तिनं फ्रेंच घेतलं होतं. का? मार्क मिळतात म्हणून! मार्क मिळाले, फ्रेंच माळ्यावर गेलं. खोक्यात एक जाडजूड पुस्तक निघालं. लेकीला फोन केला, हे रद्दीत टाकू का? ती म्हणाली, "आई, ते बेशरेल आहे." मला 'बेशरम' ऐकू आलं. पण नाही, बेशरेलच! फ्रेंच लोकांची क्रियापदांची पोथी. बारा हजार क्रियापदं! दुसरं काही नाही, नुसती चालवलेली क्रियापदं! मी म्हटलं, बघू तरी, आणि शिडीवर उभ्या उभ्याच एक पान उघडलं, आणि मग दुसरं उघडलं, आणि मग पाय भरून आले म्हणून शिडीच्या पायरीवर बसले, आणि मग केरसुणी हातात तशीच राहिली आणि दुपार झाली.

आधीच सांगून टाकते, मला फ्रेंच येत नाही. 'बाँजूर' आणि 'मेर्सी' संपले की माझा शब्दसंग्रह संपला. उच्चार लेकीनं फोनवर सांगितले तसे मी देवनागरीत लिहितेय. एखादा फ्रेंच माणूस हे वाचून आडवा झाला तर जबाबदारी माझी नाही.

तर पहिला धक्का. 'बोलणे' या क्रियापदाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात? पार्ले! खरंच! आणि 'तो बोलला' म्हणजे 'पार्ला'! मी जन्मले पार्ल्याला, वाढले पार्ल्याला, आणि आमचं सगळं पार्लं दिवसभर बोलतच असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं!

पण खरी गंमत पानाच्या खालच्या कोपऱ्यात होती. तिथे एक छोटासा रकाना, आणि त्यात: पार्लास, पार्लास, पार्ला, पार्लासियों, पार्लासिये, पार्लास. मोठ्यानं म्हणा! घरात कुणी नसेल तर आणखी मोठ्यानं! पार्लासियों! तोंडात रव्याचा लाडू फुटल्यासारखं वाटतं की नाही?

या काळाचं नाव 'इंपार्फे द्यु सुब्जाँक्तिफ'. घाबरू नका, मीही घाबरले होते. असं बघा. 'मी बोलावं असं तिला वाटतं.' यातलं 'बोलावं' काय आहे? घडलेलं नाही. नुसती इच्छा आहे. आता हेच वाक्य मागे न्या. 'मी बोलावं असं तिला वाटत होतं.' काय बदललं? 'वाटतं'चं 'वाटत होतं' झालं. 'बोलावं' जागेवरून हललंसुद्धा नाही! आपलं 'बोलावं' स्वभावानं निवांत. पण जुन्या रीतीच्या फ्रेंचमध्ये वाटणं मागे गेलं की बोलावंही मागे जाणार! 'बोलावं'ला भूतकाळ! म्हणजे एक इच्छा, जी आता इच्छासुद्धा राहिलेली नाही, तिच्यासाठी सहा रूपांचा वेगळा संसार! इतकं कोण करतं हो?

आणि मग लेक म्हणाली, "आई, कुणीच करत नाही. तो काळ कुणी बोलत नाही." माझा विश्वासच बसेना. कुणी म्हणजे कुणीच? "कुणीच. तिथे वर्तमानाचं रूप वापरून मोकळे होतात. आम्हाला तर तो शिकवलासुद्धा नाही." पुस्तकात आहे, सगळ्यांनी ऐकलेला आहे, कादंबऱ्यांत भेटतो, पण दुकानात जाऊन कुणी बोलत नाही. बोललाच तर थट्टेत! बखरी कोण बोलतं? पण 'बाबा दार उघडते झाले आणि वदते झाले' असं म्हटलं की घरात खसखस पिकते, तसंच!

आता तयार कसा करायचा ते दाखवते. हेच तर सांगायचं होतं! क्रियापदाचं साध्या भूतकाळाचं रूप घ्यायचं (तोही फक्त पुस्तकातला, तोही कुणी बोलत नाही, म्हणजे एका न बोलल्या जाणाऱ्या काळाच्या खांद्यावर दुसरा न बोलला जाणारा काळ!) आणि त्याच्या शेपटीला 'स'चा फणकारा लावायचा. पार्ला, पार्लास. 'तो होता' म्हणजे 'फ्यू' (ओठांचा शिट्टीसारखा चंबू करून 'ई' म्हणायचं, आरशासमोर करू नका). मग चालवा: फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्यूसियों, फ्यूसिये, फ्यूस. कुकरच! शेवटच्या शिट्टीला गॅस बंद करावासा वाटतो!

आणि अपवाद किती? अंदाज करा! फ्रेंचसारखी भाषा, पावलापावलावर अपवाद, 'असणे' नि 'जाणे' तर नावालाच क्रियापदं, रूपं सगळी एकमेकांची तोंडं न पाहणारी. या काळात अपवाद शून्य! मी चाळून चाळून थकले. एकदा तो साधा भूतकाळ हाती लागला की पुढे सगळं सरळ, मधला स्वर आ, इ, यू किंवा अँ, या चौघांपैकी एक, की संपलं. ज्या घरात कुणी राहत नाही, तेवढंच घर नीटनेटकं! (माझ्या घराकडे बघू नका. माळ्यावरचं निम्मं सामान अजून हॉलमध्ये आहे.)

आणि मग ती टोपी दिसली! सहा रूपांत तिसऱ्या रूपाच्या डोक्यावर, फक्त त्याच्याच, एक छोटी टोकदार टोपी. त्याची फ्यू आणि भूतकाळाची फ्यू, उच्चार अगदी एक, फरक फक्त टोपीचा! टोपी असेल तर 'तो असावा असं वाटत होतं', टोपी नसेल तर 'तो होता'. आणि भरीस भर म्हणजे टोपीसकट तोच शब्द नाम म्हणून घेतला तर अर्थ होतो पिंप! दारूचं पिंप!

टोपी कशाला? तर तिथे पूर्वी एक 'स' होता! लॅटिनमधून आला होता बिचारा. बोलण्यातून गळला, तरी लिहिण्यात कित्येक शतकं बसून राहिला, आणि १७४० साली फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीनं असे मुके 'स' ढिगानं काढले आणि त्यांच्या जागी टोप्या ठेवल्या. स गेला, टोपी राहिली! खुंटीवर आजोबांची टोपी राहते तशी! आणि गंमत म्हणजे ते हरवलेले 'स' इंग्रजीत जिवंत आहेत. फ्रेंचमध्ये 'ओपिताल', टोपीवाला. इंग्रजीत हॉस्पिटल, स शाबूत! 'फोरे' टोपीवालं, फॉरेस्ट स-वालं! मी दिवसभर टोप्या उचलून खालचे स शोधत होते.

हे आपल्याकडेही झालंय की! माझ्या आजीची पत्रं आठवली. 'नांव', 'कां', 'घरें', 'यावें'. डोक्यावर टिंब, उच्चारात नाही. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती न उच्चारली जाणारी टिंबं काढली. आम्ही टिंबं पुसली, त्यांनी टोप्या ठेवल्या! तेही पुसायला निघाले होते म्हणा. १९९०च्या सुधारणेत इ आणि यू वरची टोपी ऐच्छिक केली, आणि मग २०१६ मध्ये ती सुधारणा पाठ्यपुस्तकांत येणार म्हटल्यावर फ्रान्सभर केवढा गहजब! पण ऐका, त्या सुधारणेतसुद्धा या आपल्या काळाची टोपी सोडून दिली होती. हिला हात लावायचा नाही! मला एवढा आनंद झाला की मी टाळी वाजवली. एकटीनं. माळ्याखाली.

मेला कशानं हा काळ? मला विचाराल (विचारू नका, पण तरी) तर स्वतःच्याच आवाजानं. फ्रेंचमध्ये 'आस' हे शेपूट तुच्छतेचं. 'पापरास' म्हणजे कागदपत्रांचा वैतागवाणा ढिगारा. आता अशा शेपटीचं क्रियापद घेऊन प्रेमाची गोष्ट कशी बोलणार? 'खून करणे' घ्या, आम्ही खून करावा म्हणून: आसासिनासियों! खून करायच्या आधीच हसून लोळायची पाळी! आल्फाँस आले नावाच्या विनोदी लेखकाच्या नावावर तर एक अख्खी प्रेमकविता आहे, त्यात प्रियकर बिचारा याच काळात रडतो, आणि वाचणारा हसतो. सरकारनंही १९०१ साली सांगून टाकलं, की ठरावीक वाक्यांत याऐवजी साधं वर्तमानाचं रूप लिहिलं तरी परीक्षेत चूक धरू नका. झालं! मुलं सुटली!

पण एक माणूस सुटला नाही. अल्बेर काम्यूची १९५६ची 'ला श्यूत' नावाची कादंबरी. ॲमस्टरडॅममधला बार, पॅरिसहून आलेला एक वकील, अनोळखी माणसाशी बोलत बसलाय आणि बोलता बोलता हाच काळ वापरतो! समोरचा दचकतो. आणि वकील कबूल करतो, की या रूपाचा मला नाद आहे! इतका गंभीर लेखक, आणि पहिल्याच पानांत व्याकरणावरून माणूस दचकवतो! मी ती कादंबरी वाचलेली नाही. तेवढंच पान वाचलंय. चार वेळा.

आणखी एक, मग सोडते. मडगावची माझी मैत्रीण, तिची आजी घरात पोर्तुगीज बोले. (बघा! 'बोले'! हा आपला रीतिभूतकाळ, हाही आता लिहिण्यातच उरलाय आणि माझ्या हातून आपोआप आला!) मैत्रिणीला फोन लावला. पोर्तुगीजमध्ये 'मी बोलत असते तर' कसं म्हणतात गं? ती म्हणाली, "फालास." फालास! पार्लासची सख्खी बहीण! एकाच लॅटिन आजीच्या या नाती! आणि पोर्तुगीजमधली रोज बाजारात जाते, भांडते, भाव करते. फ्रेंचमधली पुस्तकात बसून टोपी सांभाळते. मैत्रीण म्हणाली, तू बरी आहेस ना?

बरी नाहीये! 'प्ल्यू' म्हणजे 'पाऊस पडला' आणि 'प्ल्यू' म्हणजेच 'आवडलं' हे कळल्यावर कुणी बरं राहील का? दोन वेगळी क्रियापदं, भूतकाळात येऊन एकाच रूपात भिजतात! चतकोरभर पावसानं रुळावर पाणी भरतं त्या गावात वाढलेल्या बाईनं हे कसं पचवायचं?

आलाच बघा. दारातूनच विचारतोय, "अगं, चकलीची भाजणी दळून आणलीस का?" नाही आणली. पण एक मिनिट! दळणे! बेशरेल उघडा, 'म'मध्ये बघा. मूद्र! आणि साध्या भूतकाळात मूल्यू! म्हणजे मी दळावं असं यांना वाटत होतं, त्याचं… मूल्यूस! आम्ही दळावं, मूल्यूसियों! आणि यानं दळावं, मूल्यू, टोपीसकट! डबा उचलला. गिरणीत रांग असणार, दिवाळी आहे. पुस्तक पिशवीत घेतलंय. येताय का?